तेवीस नाणी, रवाना चार: नाशिकहून ग्रेडिंगला नाणी पाठवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकरोडच्या एका निवृत्त कामगाराचा हा संग्रह. नाशिकरोड म्हटले की नोटा आणि मुद्रांक छापणारे कारखाने आठवतात. नाणी मात्र इथे पडत नाहीत, ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टांकसाळीत पडतात. तरीही या भागात नाणी जमवणारी घरे बरीच आहेत. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय असल्याने विषयाची ओळखही जुनी आहे.

वडिलांच्या पश्चात २०२५ च्या जुलैत मुलगी आणि धाकटा मुलगा यांनी पत्र्याचा डबा उघडला. आत २३ नाणी होती. व्हिक्टोरियाचे राणी छाप रुपये, सातव्या एडवर्डचे रुपये, पाचव्या जॉर्जचे रुपये. त्यात १९११ चा ‘डुक्कर रुपया’ही होता. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ पासून ठसा बदलला, तोच हा रुपया. ही सगळी मिळून १२ नाणी, आणि शिवाय १९२६ ची एक पावली. उरलेल्या दहांत सहाव्या जॉर्जचे १९३८ आणि १९३९ चे रुपये, १९४० ते १९४५ मधले निम्म्या चांदीचे चार, १९४७ चा वाघ छाप निकेलचा रुपया, १९५० चा पहिला सिंहमुद्रेचा रुपया, आणि १९६९ व १९७२ चे दहा रुपयांचे एकेक चांदीचे नाणे.

वाटणी सरळ व्हावी म्हणून दोन-तीन नाणी विकायची आणि बाकीची घरात ठेवायची, असे ठरले. गाडी अडली १९३९ पाशी. त्या वर्षाचा रुपया दुर्मीळ, म्हणूनच त्याचे नकली नमुनेही बाजारात भरपूर. सराफ बाजारातल्या एका जुन्या जाणकाराने नाणे पाहिले आणि म्हणाला, “प्रमाणपत्राशिवाय याला कोणी हात लावणार नाही.”

प्रमाणपत्र म्हणजे ग्रेडिंग. नाणे अस्सल आहे का ते तपासायचे, १ ते ७० च्या शेल्डन मोजपट्टीवर त्याची अवस्था ठरवायची आणि क्रमांकासह पारदर्शक कठीण डबीत कायमचे बंद करायचे. या डबीला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. जगभर चालणाऱ्या दोन मोठ्या सेवा अमेरिकेतल्या आहेत: १९८६ ची पीसीजीएस आणि १९८७ ची एनजीसी.

अडचण कुठे होती

भावाचा बेत तयार होता. तेवीसही नाणी एका खोक्यात भरायची आणि कुरिअरने थेट अमेरिकेला धाडायची. पावतीवर काय लिहायचे, हा सल्लाही त्याला कुणीतरी दिला होता: “मशीनचे सुटे भाग लिही, कोणी उघडत नाही.”

या एका बेतात तीन चुका आहेत. निम्म्याहून अधिक नाणी देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा आहे. बहुतेक खासगी कुरिअरच्या अटींत चलन, नाणी आणि मौल्यवान धातू स्वीकारत नाहीत असे स्पष्ट छापलेले असते. आणि खोटे वर्णन लिहिले की खोके हरवल्यावर भरपाई मागायला तोंड राहत नाही, कारण हरवले ते ‘सुटे भाग’. पॅकिंग कितीही चोख असले तरी या तिन्हींवर उपाय नाही. नाणी पाठवण्याबद्दल लोक विचारतात तेव्हा बबल रॅपचेच विचारतात, पण खरा धोका त्याच्या बराच आधी येऊन गेलेला असतो.

पहिला निर्णय: काय पाठवायचे नाही

१९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे त्यात पुरावशेष ठरते. असे नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘फक्त तपासायला, परत येणार आहे’ ही सबब चालत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड. देशात विकणे, जवळ बाळगणे, कुणाला दाखवणे याला या कलमाची आडकाठी नाही, बंदी आहे ती निर्यातीवर.

त्यामुळे १२ नाणी जागच्या जागी बाद झाली, डुक्कर रुपयासकट. भावाला हे पटायला वेळ लागला, कारण त्याला सगळ्यात जास्त आशा त्याच रुपयाची होती.

खरा वाद १९२६ च्या पावलीवर झाला. २०२५ मध्ये ती नव्व्याण्णव वर्षांची. कागदोपत्री पाठवता आली असती. पण नाण्यावर फक्त वर्ष असते, महिना नसतो. शिवाय नाणे जाऊन परत यायला चार-सहा महिने लागतात. गठ्ठा मुंबईत किंवा कस्टममध्ये रेंगाळला आणि वर्ष पालटले, तर नाणे बाहेर जाण्याआधीच पुरावशेष होऊन बसेल आणि खुलासा करत बसावे लागेल. एका पावलीसाठी हा व्याप नको म्हणून ताईने ती बाजूला काढली. आमच्या मते हे बरोबर झाले. शंभरीच्या दोन-तीन वर्षे अलीकडचे नाणे पाठवायचेच असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा. घाई असेल तर बेत सोडावा.

राहिली दहा. आता कायद्याची जागा हिशेबाने घेतली. मुंबईच्या मध्यस्थामार्फत एका नाण्याचा सगळा खर्च तीन हजारांच्या घरात जात होता. १९४० नंतरच्या रुपयात चांदी ९१.७ वरून ५० टक्क्यांवर आलेली, आणि ही नाणी घरोघरी सापडतात. हाताळलेल्या १९४४ च्या रुपयाला स्लॅबमध्ये घालणे म्हणजे रुपयाहून पिशवी महाग. १९६९ चा गांधी शताब्दीचा आणि १९७२ चा, दोन्ही दहा रुपये याच कारणाने राहिले. शेवटी चार नाणी उरली: १९३८, १९३९, जवळजवळ न वापरलेले १९४७ चे वाघ छाप, आणि १९५० चा रुपया.

दुसरा निर्णय: संशयित नाणे पाठवायचे का

१९३९ च्या रुपयाची अडचण अशी की वजन-मापाच्या कसोट्या त्याच्यापुढे तोकड्या पडतात. सराफाच्या काट्यावर वजन ११.६५ ग्रॅम भरले. अपेक्षित ११.६६, म्हणजे उत्तम. व्यास साडेतीस मिलिमीटर, तोही ठीक. पण १९३८ च्या खऱ्या रुपयावरच्या ८ चा कोरून ९ करणे हा जुना डाव आहे. तसे केलेल्या नाण्याची चांदी खरी, वजन खरे, कडाही खरीच असते. वजनाचा काटा आणि व्यास मोजायचा व्हर्निअर दोन्ही फसतात.

वीसपट भिंगाखाली तिरपा उजेड टाकून दोन्ही रुपये शेजारी ठेवले. १९३८ च्या आकड्यांच्या कडा मऊ उतरत्या होत्या आणि भोवतालच्या सपाट भागावर ठशाची एकसारखी झाक होती. १९३९ मध्ये १, ९, ३ तसेच होते. शेवटच्या ९ च्या पोटाखाली डावीकडे मात्र धातू किंचित खरवडल्यासारखा दिसत होता आणि तेवढ्या जागेची झाक तुटली होती. जाणकाराचे म्हणणे पडले: साठ-चाळीस, साठ नकलीकडे.

भाऊ म्हणाला, “ताई, मग पैसे कशाला घालवायचे?” ताईचे उत्तर असे की संशय ठेवून विकले तर आपण गिऱ्हाईकाला फसवतो, आणि न विकता ठेवले तर वाटणीत त्याचा भाव काय धरायचा? नाणे पाठवायचे ठरले. सेवा नकली नाण्यालाही तपासणीचे शुल्क लावते आणि स्लॅब न करता परत देते, हे दोघांना आधी माहीत होते. ती किंमत त्यांनी समजून-उमजून मोजली.

मार्ग कोणता

थेट टपालाने अमेरिकेला पाठवण्याचा पर्याय परिस्थितीनेच संपवला. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतेक पाकिटे घेणे थांबवले. सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. पण ती चालू असली तरी हा मार्ग एकट्या कुटुंबाने धरू नये. निर्यातीची कागदपत्रे नीट नसली तर परत येणारी नाणी कस्टमच्या नजरेत नवी आयात ठरतात आणि आपल्याच नाण्यावर आपणच कर भरतो.

दुसरा पर्याय मोठ्या नाणे प्रदर्शनाची वाट पाहायचा होता. तिथे मध्यस्थ टेबल मांडून नाणी स्वीकारतात. पण तारखा जुळत नव्हत्या.

तिसरा आणि निवडलेला पर्याय म्हणजे मुंबईतला अधिकृत मध्यस्थ. तो अनेकांची नाणी एकत्र करून स्वतःच्या निर्यात कागदांवर पाठवतो. त्याच्याकडून कुटुंबाने तीन गोष्टी ईमेलवर लिहून घेतल्या: नाणी त्याच्या ताब्यात आल्यापासून विमा कोणाचा, परतीचा कस्टम खर्च कोणाचा, आणि गठ्ठा कधी निघणार. मुंबई ते अमेरिका आणि परत मुंबई हा विमा त्याचा होता. मुंबई ते नाशिक या टप्प्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि कुटुंबानेही विचारले नाही.

नाशिक ते मुंबई कसे? पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन हातोहात देणे सोपे वाटते. पण भावाच्या पाळ्या जुळेनात, आणि गर्दीत चोरी झाली तर विमा शून्य. म्हणून विमा उतरवलेले स्पीड पोस्ट निवडले. रजिस्टर्ड टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा नुसते ‘रजिस्टर करतो’ म्हणणे आता पुरत नाही. खिडकीवर ‘इन्शुरन्स’ स्पष्ट मागावा लागतो, नाहीतर साधे स्पीड पोस्ट होऊन जाते.

जाहीर मूल्य किती लिहायचे, यावर पुन्हा घोळ. भरपाई जाहीर मूल्य आणि प्रत्यक्ष नुकसान यांतल्या कमी रकमेइतकीच मिळते, म्हणजे आकडा फुगवून फायदा नाही. वारशात आलेल्या नाण्याचे बिल नसते. म्हणून जाणकाराकडून चार नाण्यांचा लेखी अंदाज घेतला. १९३९ संशयित धरून एकूण ४०,००० रुपये लिहिले. ते अस्सल निघाले असते आणि वाटेत हरवले असते, तर नुकसान मोठे होते. हा धोका लेखी अंदाजामुळे टळला नाही, फक्त मान्य केला गेला.

पाकीट होण्याआधी

इथे एक नाणे बिघडले. वडिलांनी १९३८ चा रुपया पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये चार पिना मारून ठेवला होता. भावाने पिना न काढता पुठ्ठे ओढून वेगळे केले. पिनेचा एक पाय आत वळला आणि राजाच्या गालावर चार मिलिमीटरची ताजी, चमकती रेघ उमटली. पिना आधी पक्कडीने चपट्या कराव्यात किंवा उचकटून पूर्ण काढाव्यात, मगच पुठ्ठा उघडावा, आणि तेही खाली चार पदरी मऊ कापड अंथरून. हे दहा मिनिटांचे काम आहे. सुरुवात नेहमी सगळ्यात स्वस्त नाण्यापासून करावी, म्हणजे हात बसतो.

१९५० चा रुपया अल्बमच्या मऊ प्लास्टिक कप्प्यात होता. आपल्याकडे विकले जाणारे बरेच अल्बम पीव्हीसीचे असतात. काही वर्षांनी त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ सुटतो आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो. तसेच पाठवले तर ग्रेड मिळत नाही. उपाय म्हणजे शुद्ध ॲसिटोन, प्रयोगशाळेच्या दर्जाचे. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणे पूर्ण बुडेल इतके ॲसिटोन घेऊन पाच मिनिटे ठेवायचे, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये खळबळून काढायचे आणि उभे करून हवेवर सुकू द्यायचे. पुसायचे नाही. खिडकी उघडी आणि गॅस बंद हवा, कारण वाफ पेट घेते. प्लास्टिकची वाटी चालत नाही, ती विरघळून नाण्यावर बसते.

याखेरीज कुठलीही सफाई करू नये. दिवाळीत देव्हाऱ्याबरोबर चिंच-रांगोळीने घासून निघालेले चांदीचे रुपये नाशिकच्या घरांत खूप दिसतात. चमकतात, पण भिंगाखाली एका दिशेने गेलेल्या बारीक रेघांचे जाळे दिसते आणि ग्रेडऐवजी ‘साफ केलेले’ हा शेरा मिळतो. ही हानी भरून येत नाही.

नंतर प्रत्येक नाणे कडेने धरून मायलारच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या कडक पारदर्शक फ्लिपमध्ये घातले. फ्लिपच्या दुसऱ्या कप्प्यात कागदाची चिठ्ठी: अनुक्रमांक, वर्ष, मूल्य, टांकसाळ. हाच क्रम अर्जावर. अर्जात तिसऱ्या ओळीत १९४७ आणि फ्लिपवर ४ असा घोळ झाला की तिकडे नाणे बाजूला पडते आणि महिना जातो. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढले, आणि काट्यावर वजन दिसतानाचा एक फोटो. १९३८ वरची नवी रेघही फोटोत घेतली, म्हणजे ती वाटेत पडली असा वाद पुढे होणार नाही.

पाकीट

चार फ्लिप एकावर एक न ठेवता जाड पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी मांडल्या, वर दुसरा पुठ्ठा ठेवला आणि पुठ्ठ्यांच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. पट्टी फ्लिपला कुठेही लागू दिली नाही. रबरबँड वापरला नाही, कारण रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. नाशिकच्या पावसाळी हवेचा विचार करून सगळे झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवले. पिशवी बबल रॅपमध्ये गुंडाळून छोट्या खोक्यात आणि ते मोठ्या खोक्यात, मधल्या जागेत चुरगळलेला कोरा कागद. मग खोके कानाशी धरून जोरात हलवायचे. काहीही हलल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडायचे. पहिल्यांदा आतले खोके सरकले, म्हणून कागद वाढवला.

बाहेर ‘नाणी’ हा शब्द नको, ग्रेडिंग सेवेचे नाव किंवा आद्याक्षरेही नकोत. पत्त्यात मध्यस्थाचे वैयक्तिक नाव लिहिले. पण विमा उतरवलेल्या टपालावर मूल्य अंकी-अक्षरी लिहावे लागते, म्हणजे आत मौल्यवान काहीतरी आहे हे खोकेच सांगते. गुप्तता आणि विमा एकत्र मिळत नाहीत. हातांची संख्या मोजकी आणि पावती पक्की असेल तर विमा निवडावा, असे आमचे मत.

सांध्यांवर लाखेचे शिक्के मारले. टपालाच्या जुन्या नियमांत शिक्क्याला स्वतःची खूण लागते आणि चालू नाण्याचा छाप त्यासाठी चालत नाही. नाणी पाठवणाऱ्याच्या हाताशी नेमके नाणेच असते, त्यामुळे ही चूक हटकून होते. ताईने वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरांचा पितळी शिक्का वापरला. बंद करताना सलग व्हिडिओ घेतला: आधी नाणी, मग पुठ्ठे, खोके, लाख आणि शेवटी पावतीचा क्रमांक.

निकाल

ऑक्टोबरच्या अखेरीस पाकीट निघाले आणि मुंबईला शाबूत पोचले. मध्यस्थाने प्रत्येक नाण्याच्या फोटोसह पोचपावती दिली. गठ्ठा पुढे गेला आणि निकाल फेब्रुवारीत आला.

वाघ छाप रुपयाला एमएस ६४ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेले नाणे), अपेक्षेहून चांगला. १९५० ला एमएस ६३, म्हणजे ॲसिटोनचे काम वेळेवर झाले होते. १९३८ ला आकडा मिळालाच नाही: ‘अवस्था उत्तम, पण ओरखडा’ अशा अर्थाचा शेरा. पिनेने केलेली ती चार मिलिमीटरची रेघ कुटुंबाला या पाठवणीतल्या बाकी सगळ्या खर्चाहून महाग पडली. आणि १९३९ स्लॅबशिवाय परत आले: वर्ष बदललेले.

परतीचा मुंबई-नाशिक टप्पा कोणाच्याच विम्यात नव्हता, हे तेव्हा लक्षात आले. भाऊ सुट्टी काढून गेला, काउंटरवरच स्लॅबचे क्रमांक सेवेच्या संकेतस्थळावर तपासले, कडांना तडा नाही हे पाहिले आणि प्रत्येक स्लॅब वेगळा गुंडाळून घेतला. स्लॅब एकमेकांवर घासले की ओरखडतात आणि नाणे चांगले असूनही गिऱ्हाईक भाव पाडते.

काय वेगळे करता आले असते

१९३८ चा होल्डर मुळात घरी उघडायलाच नको होता. पिना गंजलेल्या किंवा पुठ्ठा चिकटलेला असेल, तर तसाच जाणकाराकडे न्यावा.

१९३९ साठी आधी मध्यस्थाला भिंगातून काढलेले मोठे फोटो पाठवता आले असते. वर्षाच्या आकड्यावरची खरवड इतकी स्पष्ट होती की त्याने कदाचित तिथेच नकार दिला असता आणि शुल्क वाचले असते. तरीही पाठवण्याचा निर्णय आम्ही चुकीचा म्हणणार नाही. आता ते नाणे वाटणीत चांदीच्या भावाने धरले आहे आणि त्याच्या फ्लिपमध्ये सेवेच्या निकालाची प्रत ठेवली आहे, म्हणजे पुढच्या पिढीत ते अस्सल म्हणून कोणी विकणार नाही.

मध्यस्थाला विचारायचा चौथा प्रश्न पहिल्याच ईमेलमध्ये हवा होता: परतीचा माल तुमच्या दारातून माझ्या दारापर्यंत कोणाच्या जोखमीवर येणार? उत्तर ‘तुमच्या’ असेल तर सुट्टीची तारीख आधीच धरून ठेवता येते.

मागे राहिलेल्या १९ नाण्यांसाठी कुटुंबाने मायलारच्या फ्लिप घेतल्या. जुना अल्बम टाकून दिला आणि डब्यात सिलिका जेल ठेवले. पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या. १९२६ ची पावली राणी छापांच्या रांगेत गेली, आणि डबा आता ताईकडे आहे.